एका घरांत दोन राउटर

घरांत नवी सोय आली म्हणजे तिच्याबरोबर नवा प्रश्नही येतो. शहरांतील सुशिक्षित कुटुंबांत इंटरनेटची जोडणी ही आतां पाण्याच्या नळाइतकी नित्याची बाब झाली आहे. मुलांचा अभ्यास, कचेरीचें काम, बिलांचा भरणा, परगांवच्या नातलगांशीं समोरासमोर बोलणें आणि प्रसंगीं डॉक्टरांचा सल्ला, हें सर्व एका लहानशा पेटीच्या द्वारें होतें. पुरवठादार कंपनीचा कारागीर ती पेटी बहुधा दरवाजाजवळ बसवून जातो; कारण तार तेथूनच आंत येते. बैठकीच्या खोलींत सर्व कांहीं उत्तम चालतें. परंतु शेवटच्या खोलींत चित्र थबकतें, आवाज तुटतो, आणि परीक्षेस बसलेला विद्यार्थी अर्ध्यावरच बाहेर फेकला जातो. मग बाजारांतून दोन-तीन डब्यांचा ‘मेश वायफाय’ संच आणला जातो. पुष्कळदां त्यानें काम भागतें. पण कित्येकदां असेंही होतें कीं, पैसे खर्च होऊन जुनी अडचण कायम राहते आणि तींत एका नव्या अडचणीची भर पडते. ही भर कां पडते आणि ती कशी टाळावी, हा प्रस्तुत विषय होय.

संच विकत घेण्यापूर्वीं दोष नेमका कोठें आहे, हें पाहणें अगत्याचें आहे. कंपनीच्या पेटीला तारेनें संगणक जोडून वेग मोजावा. तशी सोय नसल्यास फोन पेटीजवळ नेऊन मोजावा. तेथेंच वेग कमी आढळला, तर दोष बाहेरून येणाऱ्या पुरवठ्यांत किंवा त्या पेटींत आहे, आणि घरांत कितीही डबे मांडले तरी तो जावयाचा नाहीं. नळालाच पाणी कमी असेल, तर घरांत अधिक तोट्या बसवून काय उपयोग? उलट पेटीजवळ वेग भरपूर आणि आंतल्या खोलींत तो नाहींसा होत असेल, तर दोष मधल्या वाटेचा आहे. मेश पद्धती या दुसऱ्या रोगावरचें औषध आहे, पहिल्यावरचें नव्हे.

मधली वाट म्हणजे भिंती. वायफायच्या लहरी या रेडिओच्याच जातीच्या, पण फार आखूड. एका पट्ट्यांत त्या सेकंदास सुमारें २४० कोटी वेळां कंप पावतात आणि त्यांची लांबी सुमारें १२.५ सेंटिमीटर असते. दुसऱ्या पट्ट्यांत कंपनें ५०० कोटींच्या वर जातात आणि लांबी ५ ते ६ सेंटिमीटर भरते. अशा आखूड लहरी भिंत ओलांडूं शकतात, हें नवें नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत जगदीशचंद्र बोस यांनीं कलकत्त्यांत याहूनही आखूड लहरी भिंतीपलीकडे पाठवून तेथील घंटा वाजवून दाखविली होती. परंतु ओलांडणें निराळें आणि न थकतां ओलांडणें निराळें. प्रत्येक भिंत लहरीचें कांहीं बळ शोषून घेते. विटांच्या पातळ भिंतीपेक्षां लोखंडी सळयांचें काँक्रीट अधिक घेतें. कोंकणांतील जांभ्या दगडाच्या जाड भिंती त्याहून उदार नसतात. आणि पोलादी कपाट, मोठा आरसा किंवा पाण्याची टांकी वाटेंत आली म्हणजे तर लहर जवळजवळ अडतेच. त्यांतही दुसऱ्या पट्ट्यांतील लहरी अधिक माहिती वाहतात, पण भिंतीपुढें लवकर हात टेकतात.

या अडचणीवर मेश पद्धतीचा उपाय सोपा आहे. एकाच ठिकाणाहून मोठ्यानें ओरडण्याऐवजीं मध्यें मध्यें निरोपे उभे करावयाचे. एक मुख्य केंद्र आणि एक-दोन उपकेंद्रें मिळून एकाच नांवाचें आणि एकाच परवलीच्या शब्दाचें जाळें तयार करतात. माणूस फोन घेऊन या खोलींतून त्या खोलींत गेला, कीं फोन एक केंद्र सोडून दुसरें धरतो. केव्हां सोडावयाचें, हा निर्णय बहुतांशीं फोनचा असतो. जाळें त्यास सूचना करूं शकतें, सक्ती नव्हे. म्हणून एखादा जुना फोन दूरच्या केंद्रालाच चिकटून राहिला, तर तो दोष नेहमींच संचाचा नसतो.

उपकेंद्र ठेवण्याच्या जागेंत पुष्कळांची फसगत होते. जेथें लहर पोहोंचत नाहीं, त्याच खोलींत नवा डबा नेऊन ठेवण्याचा मोह होतो. परंतु ज्या निरोप्याला स्वतःलाच निरोप ऐकूं येत नाहीं, तो पुढें काय सांगणार? त्याची जागा मुख्य केंद्र व ती खोली यांच्या मध्यावर, जेथें लहर अजून चांगली पोहोंचते तेथें असावी. शिवाय ज्या पट्ट्यावर ऐकावयाचें त्याच पट्ट्यावर पुढें सांगावयाचें असेल, तर दोन्ही गोष्टी एका वेळीं होत नाहींत, आणि वेग सुमारें निम्म्यावर येतो. कांहीं संचांत डब्यांच्या आपसांतील बोलण्यासाठीं तिसरा पट्टा राखून ठेवलेला असतो. सर्वांत उत्तम मार्ग म्हणजे दोन्ही डबे तारेनें जोडणें. साधारण चांगली तार १०० मीटरपर्यंत सेकंदास १,००० मेगाबिट वाहूं शकते, आणि तिला भिंतीची भीति नाहीं. घराची रंगरंगोटी किंवा दुरुस्ती निघाली असतां भिंतींतून अशी एक नळी काढून ठेवणारा गृहस्थ पुढें बराच खर्च वांचवितो.

येथवर सर्व सरळ आहे. खरा घोटाळा होतो तो नवा संच जुन्या पेटीला जोडतांना, आणि त्याचें मूळ समजण्यास त्या पेटीचें अंतरंग पाहिलें पाहिजे. दिसावयास ती एक असली, तरी तिच्यांत बहुधा तीन निरनिराळीं कामें चालतात. पहिलें काम दुभाष्याचें: काचतंतूंतून आलेले प्रकाशाचे संकेत ती विजेच्या संकेतांत पालटते. तिसरें काम प्रक्षेपणाचें, म्हणजे वायफायचें. या दोहोंच्या मधलें काम कारभाऱ्याचें, आणि तेंच खरें राउटरचें काम.

हा कारभार असा. इंटरनेटवर प्रत्येक यंत्रास पत्ता लागतो. १९८१ सालीं निश्चित झालेल्या आणि अद्यापि प्रचारांत असलेल्या पद्धतींत असे पत्ते सुमारें ४२९ कोटीच होतात, आणि जगांतील यंत्रांना ते पुरत नाहींत. म्हणून घरास बाहेरचा एकच पत्ता देऊन आंतील यंत्रांना खाजगी पत्ते वांटण्याची युक्ति निघाली. १९२.१६८ या आंकड्यांनीं सुरू होणारे पत्ते अशा खाजगी वापरासाठींच राखून ठेवलेले आहेत. मोठ्या वाड्याच्या देवडीवर एखादा कारकून बसावा, वाड्यांतलें सर्व टपाल त्यानें वाड्याच्या एकाच पत्त्यावरून पाठवावें, आणि कोणाच्या पत्राचें उत्तर कोणाचें हें वहींत टिपून आलेलें उत्तर बरोबर त्या बिऱ्हाडीं पोहोंचवावें, तसें राउटर करतो. या पद्धतीलाच ‘नॅट’ असें म्हणतात.

आतां नव्या संचाचें मुख्य केंद्र हेंही स्वतः एक राउटर असतें. तें जुन्या पेटीला नुसतें जोडलें, कीं एका वाड्यांत दोन देवड्या आणि दोन कारकून होतात. बाहेर जाणाऱ्या पत्राची दोनदां नोंद होते. साधें वाचन, चित्रपट पाहणें, पत्रव्यवहार यांत बहुधा कांहीं बिघडत नाहीं, आणि म्हणूनच दोष पुष्कळ दिवस लक्षांत येत नाहीं. परंतु छापण्याचें यंत्र जुन्या पेटीच्या वायफायवर आणि फोन नव्या जाळ्यावर असला, म्हणजे एकाच मेजावर असूनही दोघांची भेट होत नाहीं. परगांवीं गेलेल्या मुलास घरचा कॅमेरा दिसत नाहीं. काहीं खेळ व कचेरीच्या काहीं खाजगी जोडण्या अडतात. दोन्ही कारकुनांनीं योगायोगानें पत्त्यांची एकच मालिका वांटावयास घेतली, तर आंतलें कोणतें आणि बाहेरचें कोणतें हेंच ठरत नाहीं, आणि सर्व व्यवहार थांबूं शकतो. पुष्कळ नवे संच ही मालिका आपोआप बदलून घेतात. सर्वच घेतात असें नाहीं. केवळ जुन्या पेटीचें वायफाय बंद केल्यानें हा दोष जात नाहीं. तेणेंकरून तिचें प्रक्षेपण थांबतें, कारभार नव्हे.

यास्तव एका घरांत कर्ता एकच असावा, आणि तो कोण हें आधीं ठरवावें. त्याचे दोन मार्ग आहेत. पहिल्या मार्गांत कारभार जुन्या पेटीकडेच राहतो; नवा संच ‘अॅक्सेस पॉइंट’ या रीतीवर लावावयाचा, म्हणजे तो केवळ प्रक्षेपण करतो. जुन्या पेटीचें वायफाय मात्र बंद करावें. बहुसंख्य कुटुंबांना हा मार्ग पुरेसा आणि निर्धोक आहे. यांत तोटा एवढाच कीं, मुलांच्या वेळेवर नियंत्रण किंवा पाहुण्यांसाठीं वेगळें जाळें, अशा संचाच्या काहीं सोयी या रीतींत कित्येकदां मिळत नाहींत.

दुसऱ्या मार्गांत जुन्या पेटीस ‘ब्रिज’ रीतीवर लावतात. ती मग नुसती दुभाष्या उरते आणि कारभार नव्या संचाकडे जातो. संचाच्या सर्व सोयी मिळतात. परंतु येथें सावधगिरी अधिक हवी. पुष्कळ जोडण्यांत कारभाऱ्यास पुरवठादाराकडे एक नांव व परवलीचा शब्द सांगावा लागतो, आणि तो जुन्या पेटींत सांठविलेला असतो. तो आधीं मागून घेतल्याशिवाय बदल केला, तर घर इंटरनेटवांचून बसतें. त्याहून महत्त्वाची बाब दूरध्वनीची. अनेक घरांत टेलिफोनची तार आणि दूरचित्रवाणीचा डबाही त्याच पेटीला जोडलेला असतो, आणि रीत बदलतांच तो बंद पडण्याचा संभव असतो. घरांत एकटें वृद्ध माणूस असेल आणि त्याचा सारा भरंवसा त्या टेलिफोनवर असेल, तर हा प्रश्न सोयीचा राहत नाहीं. म्हणून पुरवठादारास अगोदर विचारावें, आणि बदलानंतर टेलिफोन उचलून पाहावा. पेटीच्या पाठीमागील बारीक छिद्रांतली कळ उतावीळपणें दाबूं नये. तिनें केवळ चूकच नव्हे, तर कारागिरानें भरलेली सर्व माहितीही पुसली जाऊं शकते.

आणखी एक मर्यादा ध्यानांत ठेवावी. कित्येक पुरवठादार पत्त्यांच्या टंचाईमुळें अनेक घरांना मिळून बाहेरचा एकच पत्ता देतात. तेथें घरांतला एक कारकून कमी केला, तरी पुरवठादाराच्या दारचा राहतोच, आणि बाहेरून घरांतील यंत्रापर्यंत थेट येण्याची अडचण या उपायानें दूर होत नाहीं.

जोडणीच्या वेळीं चार लहान गोष्टी सांभाळल्या, तर पुढचा त्रास वांचतो. नव्या जाळ्यास जुनेंच नांव व जुनाच परवलीचा शब्द दिला, तर घरांतील बहुतेक यंत्रें पुन्हां जोडावीं लागत नाहींत; अर्थात् तो शब्द सर्वांस ठाऊक झालेला असेल, तर याच वेळीं बदलावा. पेटीची मांडणी उघडणारा कारखान्याचा मूळ शब्द कधींही तसाच ठेवूं नये. दोन पेट्यांना जोडणारें भोंक सेकंदास १०० मेगाबिटांचेंच असेल, तर पुढें कितीही महाग संच असला तरी तेवढेंच मिळेल, हें आधीं पाहावें. आणि वीज गेल्यावर इंटरनेट हवें असेल, तर बॅटरीचा आधार केवळ मुख्य पेटीस देऊन भागत नाहीं. वाटेंतल्या प्रत्येक डब्यास तो द्यावा लागतो.

मेश पद्धती घराच्या कोनाकोपऱ्यांत इंटरनेट पोहोंचविते. तें निर्माण करीत नाहीं. बाहेरून भरपूर येत असेल, निरोपे योग्य जागीं उभे असतील आणि कारभार एकाच्याच हातीं असेल, तर शेवटच्या खोलींतील विद्यार्थ्यास व बैठकींतील आजोबांना सारखाच लाभ होतो. तीन डब्यांच्या संचाची किंमत विचारण्यापूर्वीं या तीन प्रश्नांचीं उत्तरें मिळविणें, हाच त्यांतला निम्मा शहाणपणा होय.