शिक्षकाची गरज आणि लॅपटॉपची निवड

लॅपटॉपची खरेदी ही प्राथमिक शिक्षकाच्या दृष्टीने लहानसहान बाब नव्हे. पैसा पगारातून साठविलेला असो वा ग्रामस्थांच्या लोकवर्गणीतून जमलेला असो, तो पुन्हा पुन्हा उभा राहत नाही. असे असूनही पुष्कळदा जाहिरात किंवा दुकानदाराचा शब्द यांवर विसंबून निवड होते. मग यंत्र एक तर दोन वर्षांत अपुरे पडते, नाही तर त्याची निम्मी शक्ती न वापरता पडून राहते. यास्तव किमतीचा विचार करण्यापूर्वी कामाचा विचार करावा.

शाळेतील काम सामान्यतः ठरलेले असते. यू-डायस प्लसची माहिती भरणे, निकालपत्रके तयार करणे, मराठीत पत्रव्यवहार करणे, दीक्षावरील पाठ व चित्रफिती वर्गात दाखविणे, एवढे ते काम. यासाठी अतिशय वेगवान प्रोसेसर किंवा स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड लागत नाही. खेळ व चित्रपट-संकलन यांसाठी लागणाऱ्या या गोष्टींवर शिक्षकाने पैसा घालू नये.

मुख्य लक्ष रॅम आणि साठवण या दोन अंगांकडे द्यावे. साठवण म्हणजे वह्या ठेवण्याचे कपाट आणि रॅम म्हणजे त्या पसरून तपासण्याचे मेज होय. मेज लहान असले की दर वेळी उठून कपाटाकडे जावे लागते. रॅम अपुरी असलेले यंत्र असेच रेंगाळते. विंडोज ११ साठी किमान ४ जीबी रॅम व ६४ जीबी साठवण लागते. परंतु तेवढ्यावर यंत्र केवळ चालू होते, काम सुखाने होत नाही. म्हणून ८ जीबी रॅम व २५६ जीबी साठवण असावी. रॅम पुढे वाढविता येते की ती कायमची जोडलेली आहे, हेही विचारून घ्यावे. साठवण एसएसडी प्रकारची असणे इष्ट. हार्ड डिस्कमध्ये तबकड्या फिरत असतात. एसएसडीत फिरणारा भागच नसल्याने ती अधिक वेगाने चालते आणि एस. टी. वा मोटारसायकलवरील हादरे अधिक सोसते.

जेथे वीज वारंवार जाते तेथे बॅटरीला विशेष महत्त्व आहे. तिची क्षमता वॅट-तासांत दिलेली असते. बॅटरी ४२ वॅट-तासांची असून यंत्र सरासरी ८ वॅट वीज घेत असेल, तर ते सुमारे सव्वापाच तास चालेल. पडदा अधिक उजळ ठेवल्यास हा अवधी घटतो आणि बॅटरी जुनी होत जाते तसतशी तिची क्षमताही कमी होते. प्रोजेक्टर वापरावयाचा असल्यास एचडीएमआय जोडणी आहे की नाही ते पाहावे. मराठी टंकलेखनासाठी मात्र वेगळा खर्च करण्याचे कारण नाही. इनस्क्रिप्ट कळफलक विंडोज व लिनक्स या दोहोंत उपलब्ध असतो.

जुने यंत्र स्वस्तात मिळत असल्यास सावधपणे पाहावे. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० आवश्यक आहे, तसेच इंटेलचा प्रोसेसर सामान्यतः आठव्या पिढीचा वा त्यापुढील लागतो. असे नसलेले यंत्रही अगदीच निरुपयोगी नव्हे. त्यात एसएसडी बसवून उबुंटू व लिबरऑफिस घातल्यास लेखनाचे व तक्त्यांचे काम चांगले होते, आणि ही दोन्ही विनामूल्य आहेत.

आता अंदाजपत्रकाविषयी. जवळ ४०,००० रुपये आहेत असे समजू. दुकानदाराने ३४,००० रुपये किंमत सांगितली व तीत १८ टक्के वस्तू व सेवा कर धरलेला नसला, तर प्रत्यक्षात ४०,१२० रुपये द्यावे लागतील, म्हणजे रक्कम अपुरी पडेल. म्हणून करासह किंमत लेखी मागावी. सोबत दिलेली लेखन-प्रणाली कायमची आहे की एका वर्षापुरती, हमी किती काळाची आहे आणि दुरुस्ती तालुक्याच्या ठिकाणी होते की दूरच्या शहरात, या प्रश्नांची उत्तरे घेतल्यावाचून पैसे देऊ नयेत. थोडी रक्कम पिशवीसाठी आणि नोंदींची दुसरी प्रत ठेवण्याच्या बाह्य डिस्कसाठी राखून ठेवावी. शाळेच्या पैशातून खरेदी झाल्यास पावती शाळेच्या नावे घेऊन जडसंग्रह नोंदवहीत नोंद करावी.

गरजांची यादी कागदावर लिहून सहकाऱ्यांशी चर्चा करावी व मगच दुकानात जावे. ज्या यंत्राची दुरुस्ती जवळ होते आणि जे वीज नसतानाही एक पाठ पूर्ण दाखवू शकते, ते साधे असले तरी शाळेला अधिक उपयोगी होय. कपाटात बंद राहणारे महाग यंत्र विद्यार्थ्यांच्या काहीच कामाचे नाही.