शुगर निघाली, आता दिलाच्या टेस्टचे काय?

रमजानचा चाँद दिसण्याआधी, शाबान महिन्यात, अनेकजण रक्त तपासून घेतात. महिनाभर रोजे धरायचे तर तब्येतीचा अंदाज असावा, एवढाच हेतू. त्यातच काहींना पहिल्यांदा कळते की शुगर निघाली. ‘आयसीएमआर’ने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. त्यामुळे असे घर शोधायला लांब जावे लागत नाही. यंदा आमच्याच घरात तो रिपोर्ट आला, माझ्या नावाचा. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीएवनसी ८.१ होती.

शुगरपेक्षा जास्त भीती निघाली ती हृदयाची. अब्बांना शुगर होती आणि बासष्टाव्या वर्षी ते हार्ट अटॅकने गेले. त्यामुळे अम्मीचे एकच म्हणणे, “रोजे नंतर बेटा, आधी दिल दाखवून ये.” भावाने ट्रेडमिल टेस्ट, टूडी इको, सीटी अँजिओग्राफी अशी यादीच काढली. कुणीतरी ‘हार्ट पॅकेज’ची जाहिरात पाठवली. नव्याने मधुमेह कळलेल्या बहुतेक घरांत हीच चर्चा होते, म्हणून ती इथे मांडावीशी वाटते.

भीती निराधार नाही. मधुमेह असलेल्यांना हृदयविकाराचा धोका इतरांपेक्षा साधारण दुप्पट असतो. शिवाय काहींच्या नसा कमजोर झाल्याने छातीत दुखतच नाही; फक्त दम लागतो, घाम फुटतो किंवा विनाकारण थकवा येतो. पण म्हणून काहीही त्रास नसलेल्या प्रत्येकाने महागड्या चाचण्या कराव्यात का?

या प्रश्नाचा अभ्यास झालेला आहे. ‘डायड’ या अभ्यासात टाइप टू मधुमेहाच्या, पण हृदयाचा कोणताही त्रास नसलेल्या १,१२३ जणांचे दोन गट केले गेले. एका गटाची हृदयाच्या रक्तपुरवठ्याची खास चाचणी केली, दुसऱ्याची नाही. जवळपास पाच वर्षांनी पाहिले, तर हार्ट अटॅक आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू दोन्ही गटांत कमी आणि जवळपास सारखेच होते. २००९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पुढे २०१४ मध्ये ९०० रुग्णांवरील सीटी अँजिओग्राफीच्या अभ्यासातही लक्षणीय फरक दिसला नाही. म्हणूनच अमेरिकन डायबेटिस असोसिएशन त्रास नसलेल्यांना अशा चाचण्या सरसकट करायला सांगत नाही. धोका वाढवणाऱ्या गोष्टींवर नीट उपचार व्हावेत, ही मात्र अट.

माझ्या डॉक्टरांनी तेच समजावले. त्यांनी आधी विचारले, जिने चढताना छाती भरून येते का? दम लागतो का? पाय सुजतात का? मग साधा ईसीजी काढला, रक्तदाब मोजला, कोलेस्टेरॉल, क्रिएटिनिन आणि लघवीतील प्रथिनांची तपासणी करायला लावली. डोळ्यांचा पडदा तपासायला पाठवले, तळपायांची संवेदना पाहिली. ईसीजी ठीक निघाला. नॉर्मल ईसीजी म्हणजे सारे आलबेल असे नाही, हेही त्यांनी सांगितले. खरी गडबड दुसरीकडे होती. रक्तदाब दोन्ही वेळा १४४/९०च्या आसपास, एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल १४८.

धोका होता तो या साध्या तपासण्यांत दिसला, आणि त्यावर औषध आहे. मधुमेह असलेल्या चाळिशीपुढच्या बहुतेकांना डॉक्टर कोलेस्टेरॉल कमी करणारे स्टॅटिन देतात, ते याचसाठी. डेन्मार्कमधील ‘स्टेनो-२’ अभ्यासात १६० मधुमेहींपैकी निम्म्यांची साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, आहार, व्यायाम असे सगळे एकत्र सांभाळले गेले. त्यांच्यात हृदय आणि रक्तवाहिन्यांचे गंभीर आजार जवळजवळ निम्म्याने कमी झाले. तंबाखू, मिसरी, सिगारेट सोडणे हा याच उपचाराचा भाग आहे.

मात्र त्रास असेल तर हिशोब बदलतो. चालताना छातीत दडपण येणे, जबडा किंवा डाव्या हातात कळ, तरावीहच्या नमाजेत किंवा मशिदीचे जिने चढताना नव्याने दम लागणे, ही लक्षणे ‘रोजामुळे अशक्तपणा आला’ म्हणून झटकू नयेत. अशा वेळी तपासणी ईदनंतरवर ढकलू नये. छातीत जोराचे दुखणे आणि घाम असेल तर रोजा सोडून थेट दवाखाना गाठावा.

आता रोजांचा प्रश्न. २००१ मध्ये तेरा देशांतील बारा हजारांहून अधिक मधुमेहींच्या पाहणीत दिसले की रमजानमध्ये टाइप टू रुग्णांत साखर धोकादायकरीत्या उतरण्याचे प्रमाण सुमारे साडेसात पटीने वाढले होते. म्हणून कोणती गोळी सहेरीला, कोणती इफ्तारला, कोणाचा डोस कमी, हे रमजानआधीच डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या आणि इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर नक्कीच. साखर ७०च्या खाली किंवा ३००च्या वर गेली तर रोजा सोडावा, असे मार्गदर्शन आहे. बोटाला सुई टोचून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, याबद्दल उलेमा सांगतातच. तरी अनेकजण उगाच संकोच करतात.

कुरआनच्या सूरह अल-बकराने आजारी माणसाला रोजे नंतर पूर्ण करण्याची मोकळीक दिली आहे. ज्यांना पुढेही शक्य नाही, त्यांच्यासाठी गरिबाला जेवू घालण्याचा, म्हणजे फिदियाचा मार्ग आहे. सवलत अल्लाहने दिलेली आहे. ती घेणाऱ्याचा ईमान कच्चा ठरत नाही. मला यंदा रोज साखर तपासण्याच्या अटीवर रोजांची परवानगी मिळाली. माझ्या एका सहकाऱ्याला इन्सुलिन सुरू असल्याने मिळाली नाही. आम्हा दोघांचा रमजान एकच आहे.

घरच्यांनीही थोडे जपावे. नव्याने शुगर निघालेल्या माणसाला इफ्तारच्या दस्तरख्वानवर “एका भजीने काय होतं, शरबत तर घे” असा आग्रह करू नये. एक-दोन खजूर, पाणी, फळे, मग जेवण, एवढे पुरते. आणि त्याला अँजिओग्राफीच्या भीतीने जागवण्याऐवजी रोज विचारावे, “बीपीची गोळी घेतली का?” दिलाची काळजी त्यातच जास्त आहे.