धावल्यावर धाप का लागते?

पाठ्यपुस्तकात पेशी एका धड्यात असते आणि श्वसनसंस्था दुसऱ्या. मुलं दोन्ही धडे घडाघडा म्हणून दाखवतात. पण मैदानाला फेरी मारल्यावर धाप का लागते, असं विचारलं की वर्ग गप्प होतो. हे दोन धडे जोडून देण्याचं काम प्राथमिक शाळेतच करायला हवं, आणि त्याला फारसा खर्चही येत नाही.

सुरुवात कांद्यापासून करावी. पाकळीच्या आतल्या बाजूचा पातळ पापुद्रा अलगद सोलायचा, काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात पसरायचा आणि त्यावर आयोडीनचा एक थेंब सोडायचा. वरची पातळ काच तिरकी धरून हळूच टेकवायची. घाई केली तर हवेचे बुडबुडे अडकतात आणि मुलं त्या काळ्या कडांच्या गोलांनाच पेशी समजून बसतात. नीट जमलं की सूक्ष्मदर्शकाखाली विटांच्या भिंतीसारखे लांबट कप्पे दिसतात आणि बहुतेक कप्प्यांत एक गडद ठिपका असतो. तो केंद्रक. १६६५ मध्ये रॉबर्ट हूकने बुचाच्या कापात पाहिले ते कप्पे मृत पेशींचे, रिकामे होते.

शाळेत सूक्ष्मदर्शक नसेल, तर फोल्डस्कोप आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मनू प्रकाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये जगापुढे मांडलेलं हे घडीच्या कागदाचं उपकरण वस्तू सुमारे १४० पट मोठी दाखवतं.

मग श्वासाकडे वळावं. प्लास्टिकच्या बाटलीचा तळ कापायचा, तोंडातून आत एक फुगा सोडून त्याची कड बाटलीच्या तोंडावर घट्ट बसवायची आणि तळाला दुसऱ्या फुग्याचं रबर ताणून बांधायचं. हे रबर म्हणजे श्वासपटल. ते खाली ओढलं की आतला फुगा आपोआप फुगतो. हवा शिरते म्हणून छाती फुगते, असं बहुतेक मुलांना वाटत असतं. इथे उलटा क्रम डोळ्यांसमोर घडतो: आधी जागा वाढते, मग हवा आत येते.

आता नाडी. मातीच्या छोट्या गोळीत काडेपेटीतली काडी खोचून ती मनगटावर नाडीच्या जागी ठेवली, की प्रत्येक ठोक्याला काडी डुलते. मिनिटभर मोजायचं, जागेवर पळायचं आणि पुन्हा मोजायचं. आकडा चांगलाच वाढलेला असतो.

आता मूळ प्रश्नाकडे यावं. पळताना पायांच्या स्नायूपेशींना जादा ऊर्जा लागते. त्या ती मुख्यतः ग्लुकोज आणि ऑक्सिजन वापरून मिळवतात. ग्लुकोज खाल्लेल्या भाकरीतून, म्हणजे पचनसंस्थेकडून येतं, ऑक्सिजन फुप्फुसांकडून. दोन्ही पेशींपर्यंत पोचवायचं आणि तयार झालेला कार्बन डायऑक्साइड परत न्यायचा, म्हणून हृदय जोरात धडधडतं आणि श्वास वाढतो.

थांबल्यावरही धाप लगेच का जात नाही, हा प्रश्न मुलंच काढतात. त्यांना दर मिनिटाला नाडी मोजून आलेख काढू द्यावा. रेषा हळूहळू खाली येताना दिसते. पाय थांबले तरी पेशींची भरपाई अजून चालू असते.