डीप पर्पल, नव्या संचात

नाटकाच्या जाहिरातीत ‘नव्या संचात’ असं छापलेलं दिसलं की जुना प्रेक्षक जरा नाक मुरडतो. मूळ संचातला प्रयोग पाहिलेला असेल तर विचारायलाच नको. रॉक संगीतात मात्र बऱ्याचदा उलटं घडतं. बीटल्समध्ये रिंगो स्टार आला तो १९६२ च्या ऑगस्टमध्ये. त्याआधी दोन वर्षं ड्रम्सवर पीट बेस्ट होता. पिंक फ्लॉइडच्या पहिल्या अल्बमवर डेव्हिड गिल्मर नाही. आयर्न मेडनमध्ये ब्रूस डिकिन्सन आला तोवर बँडचे दोन अल्बम निघून गेले होते. म्हणजे चाहते ज्याला क्लासिक लाइनअप म्हणतात तो संच पुष्कळदा दुसरा, तिसरा किंवा त्याहूनही पुढचा असतो. हे घडतं कसं ते समजून घ्यायचं तर डीप पर्पलकडे पाहावं. तिथे ही सगळी उलथापालथ दीड वर्षात, तारीखवार दिसते.

सुरुवात एका भलत्याच माणसापासून होते. ‘द सर्चर्स’ या बँडचा माजी ड्रमर ख्रिस कर्टिस याच्या डोक्यात १९६७ च्या अखेरीस ‘राउंडअबाउट’ नावाच्या बँडची कल्पना आली. जत्रेतल्या चक्रासारखं त्यात कुणीही चढावं, कुणीही उतरावं. टोनी एडवर्ड्स या व्यावसायिकानं पैसे लावायची तयारी दाखवली. कर्टिसनं ऑर्गनवादक जॉन लॉर्डला गाठलं, हॅम्बुर्गहून गिटारवादक रिची ब्लॅकमोरला बोलावून घेतलं आणि थोड्याच दिवसांत स्वतःच या खटाटोपातून बाहेर पडला. पैसेवाला राहिला, वादक राहिले, कल्पना ज्याची होती तो गेला.

मग माणसं जमली ती ओळखीपाळखीतून. बेस गिटार वाजवणारा निक सिंपर लॉर्डच्या आधीच्या कामातला सोबती. गायकाच्या चाचणीला रॉड एव्हान्स आला, तो आपल्याच बँडमधला ड्रमर इयन पेस याला सोबत घेऊन. पेस इतका सरस निघाला की आधी ठरलेल्या ड्रमरला नारळ मिळाला. हर्टफर्डशरमधल्या डीव्ह्ज हॉल या जुन्या घरात तालमी झाल्या, नाव बदलून ‘डीप पर्पल’ झालं आणि १९६८ च्या मे महिन्यात पहिला अल्बम ध्वनिमुद्रित झाला. पहिला संच बहुतेक वेळा असाच जमतो. जो हाताशी आहे, ज्याच्याकडे वाद्य आहे, जो उद्या तालमीला येऊ शकतो, तो घेतला जातो. आपण नक्की कोणतं संगीत करणार आहोत हे तेव्हा ठरलेलंच नसतं, त्यामुळे त्यासाठी कोण लागेल हेही ठरवता येत नाही.

हा पहिला संच फसला असं मात्र म्हणू नये. जो साउथचं ‘हश’ हे गाणं त्यांनी वाजवलं आणि ते अमेरिकेत चौथ्या क्रमांकापर्यंत चढलं. वर्षभरात तीन अल्बम झाले. पण त्यांत काय होतं पाहा: बीटल्सची एक-दोन गाणी, नील डायमंडचं एक, ‘हे जो’, मधूनच लॉर्डचे पाश्चात्त्य शास्त्रीय वळणाचे तुकडे. इंग्लंडात कुणी फारशी दखल घेतली नाही. बँडला आवाज होता, चेहरा नव्हता. आणि १९६९ च्या सुरुवातीला लेड झेपेलिनचा पहिला अल्बम आला तेव्हा ब्लॅकमोर आणि लॉर्ड यांना आपल्याकडे काय कमी आहे ते लख्ख दिसू लागलं.

कमी काय होतं, ते नादाच्या अंगानं समजून घ्यायला हवं. ब्लॅकमोरची गिटार मार्शल अॅम्प्लिफायरमधून कर्कश होत चालली होती. लॉर्डही आपला हॅमंड ऑर्गन मार्शलमधून वाजवू लागला, त्यामुळे ऑर्गनही गिटारसारखा गुरगुरू लागला. दोन्ही वाद्यं मधल्या पट्टीत मोठी जागा अडवतात. रॉड एव्हान्सचा आवाज नेमका तिथलाच: खालच्या पट्टीचा, गोलाईदार, संथ प्रेमगीतांना शोभणारा. वाद्यांचा आवाज वाढला की असा गळा त्यांच्या मध्येच गडप होतो. गायकानं मोठ्यानं गाऊन हा प्रश्न सुटत नाही. गाणं वाद्यांच्या डोक्यावरून जायला हवं, म्हणजे गायकाला वरच्या सप्तकात बिनधास्त हिंडता यायला हवं. ब्लॅकमोरनं आधी टेरी रीडला विचारलं. त्यानं नकार दिला. (झेपेलिनलाही त्यानंच नकार दिला होता. नशीब म्हणावं की आणखी काय, कळत नाही.)

पुढची खबर आली ती पुन्हा ओळखीतून. मिक अंडरवुड हा ब्लॅकमोरचा जुना सोबती तेव्हा ‘एपिसोड सिक्स’ या बँडमध्ये ड्रम्स वाजवत होता. त्यानं आपल्याच बँडच्या गायकाचं नाव सुचवलं: इयन गिलन. ब्लॅकमोर आणि लॉर्ड लंडनच्या वुडफर्ड ग्रीन भागात कार्यक्रम ऐकायला गेले आणि गिलन पक्का झाला. ७ जूनच्या ध्वनिमुद्रणाला गिलनबरोबर एपिसोड सिक्सचा बेसवादक रॉजर ग्लोव्हरही आला, फक्त त्या दिवसापुरता. पेसला त्याचं वाजवणं आवडलं. मग गायकासोबत बेसवादकही बदलायचं ठरलं.

यापुढचा भाग वाचताना मला नेहमी थोडं अवघडल्यासारखं होतं. एव्हान्स आणि सिंपर यांना यातलं काही सांगितलंच नव्हतं. दिवसा हॅनवेलच्या कम्युनिटी सेंटरमध्ये नवा संच तालीम करायचा आणि संध्याकाळी जुना संच ठरलेले कार्यक्रम करायचा. तिघं दोन्हीकडे, दोघं एकीकडे. ४ जुलै १९६९ ला कार्डिफमध्ये जुन्या संचाचा शेवटचा कार्यक्रम झाला आणि १० जुलैला लंडनच्या स्पीकईझी क्लबमध्ये नवा संच मंचावर आला. मध्ये सहा दिवस! व्यवहार म्हणून बिनचूक, माणुसकी म्हणून वाईट. असं करण्यामागे एक कारण असतं: ठरलेले कार्यक्रम रद्द झाले की पैसे बुडतात आणि बँडचं नाव बाजारातून पुसलं जातं. ते नाव पहिल्या संचानंच तर कमावलेलं होतं.

चाहते या दोन संचांना ‘मार्क वन’ आणि ‘मार्क टू’ म्हणतात. मार्क टूनं काय बदललं हे ऐकायचं असेल तर १९७० च्या ‘डीप पर्पल इन रॉक’ या अल्बममधलं ‘चाइल्ड इन टाइम’ लावा. दहा मिनिटांहून मोठं गाणं. सुरुवातीला फक्त ऑर्गनची एक छोटी, संथ सुरावट आणि पेसची झांजेवरची हलकी टिकटिक. गिलन खालच्या स्वरात, जवळजवळ बोलल्यासारखा सुरू करतो. शब्द संपतात आणि तो नुसता ‘ऊ’कारात तीच सुरावट आळवतो. मग तीच वरच्या सप्तकात, आकारात. मग त्याही वर, आता तो आकार राहिलेला नसतो, आरोळी झालेली असते, पण सूर सुटत नाही. पाठोपाठ ड्रम्स चढत जातात. गळा जिथे थांबतो तिथून गिटार पुढे घेते, लय दुप्पट होते, सगळा बँड उधळतो आणि अचानक एका ठिकाणी थबकतो. पुन्हा तोच एकटा ऑर्गन, पुन्हा पहिल्यापासून चढण. ही रचनाच गायकाच्या पल्ल्यावर बेतलेली आहे. मार्क वनमध्ये असं गाणं कुणाला सुचलंच नसतं, कारण वर नेणारा गळाच नव्हता. नव्या माणसामुळे जुनी गाणी बरी वाजतात हा फायदा किरकोळ. खरा फायदा असा की जुन्या माणसांना नवं काहीतरी सुचायला लागतं. या काळातली गाणी पाचही जणांच्या नावावर आहेत आणि उसनी गाणी जवळपास संपली.

जवळपास म्हणायचं कारण, ‘चाइल्ड इन टाइम’ची ती ऑर्गनवरची सुरावट उसनीच आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘इट्स अ ब्युटिफुल डे’ या बँडची ‘बॉम्बे कॉलिंग’ नावाची व्हायोलिनप्रधान रचना होती. तालमीत लॉर्ड ती संथ करून वाजवू लागला आणि त्यातून हे गाणं झालं. पुढे त्या अमेरिकन बँडनं पर्पलच्या ‘रिंग दॅट नेक’वरून स्वतःची एक रचना केली. फिट्टंफाट. गंमत म्हणजे ‘रिंग दॅट नेक’ ही मार्क वनची रचना, आणि तिच्या रचनाकारांत सिंपरचंही नाव आहे.

माणसं बदलली की मागे राहतो तो हिशेब. सिंपर कोर्टात गेला आणि शेवटी एकरकमी दहा हजार पौंड घेऊन त्यानं पुढच्या रॉयल्टीवर पाणी सोडलं. एव्हान्स गेला नाही, त्यामुळे पहिल्या तीन अल्बमांची रॉयल्टी त्याला मिळत राहिली. पण १९८० मध्ये, मूळ बँड मोडलेला असताना, तो ‘डीप पर्पल’ याच नावानं दुसऱ्याच वादकांना घेऊन अमेरिका-मेक्सिकोत कार्यक्रम करू लागला. मॅनेजमेंटनं दावा लावला, न्यायालयानं ६,७२,००० डॉलरचा दंड ठोठावला आणि त्याची रॉयल्टीही गेली. पहिल्या संचातला माणूस असणं म्हणजे नावाचा मालक असणं नव्हे, हे शिकणं त्याला फार महागात पडलं.

नावाचं हेच भांडण फ्लीटवुड मॅकलाही चुकलं नाही. १९७४ मध्ये त्यांच्या मॅनेजरनं नाव आपलं आहे असं सांगत चक्क तोतया बँड अमेरिकेच्या दौऱ्यावर पाठवला. प्रकरण न्यायालयात गेलं. खऱ्या बँडची अवस्थाही तेव्हा बिकटच होती. १९६७ मध्ये पीटर ग्रीननं ब्लूज वाजवायला हा बँड काढला, नाव दिलं ते मात्र ड्रमर मिक फ्लीटवुड आणि बेसवादक जॉन मॅकव्ही यांचं. इंग्लंडात ‘अल्बट्रॉस’ पहिल्या क्रमांकावर गेलं. १९७० मध्ये ग्रीन गेला. पुढच्या वर्षी गिटारवादक जेरेमी स्पेन्सर लॉस एंजेलिसमध्ये हॉटेलातून बाहेर पडला तो थेट एका पंथात सामील झाला. गिटारवादक येत गेले, जात गेले. ड्रम्स आणि बेस जागचे हलले नाहीत. १९७४ च्या अखेरीस फ्लीटवुड ध्वनिमुद्रणासाठी जागा शोधत साउंड सिटी स्टुडिओत गेला. इथे आवाज कसा येतो हे दाखवायला तिथला ध्वनिमुद्रक कीथ ओल्सन यानं त्याला लिंडसे बकिंगहॅम आणि स्टीव्ही निक्स या जोडीचं एक गाणं ऐकवलं. काही आठवड्यांनी गिटारवादक बॉब वेल्च सोडून गेला आणि फ्लीटवुडला ते गाणं आठवलं. त्याला हवा होता फक्त गिटारवादक. बकिंगहॅम म्हणाला, येऊ तर दोघं. १९७५ चा अल्बम हा या बँडचा दहावा. त्यानंतरचा ‘रूमर्स’ अमेरिकेत एकतीस आठवडे पहिल्या क्रमांकावर होता. पर्पलनं जे हेरून, आखून केलं ते इथे जवळजवळ अपघातानं झालं. तरी एक गोष्ट दोन्हीकडे सारखी: ड्रमर टिकला. तळाशी लय पक्की असली की वरची माणसं बदलली तरी बँड ओळखू येतो.

अर्थात याला अपवादही आहेत. कॅनडाच्या रश बँडनं ड्रमरच बदलला. १९७४ च्या जुलैत, अमेरिकेच्या दौऱ्याला दोन आठवडे उरलेले असताना नील पर्ट आला, आणि गाणी लिहिण्याचं कामही त्याच्याकडेच गेलं.

क्वीनची कथा वेगळी आहे, कारण त्यांचा बदल कुणाच्या कानावरच पडला नाही. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत ‘हेक्टिक्स’ नावाच्या बँडमध्ये पियानो वाजवणारा फारुख बलसारा लंडनमध्ये फ्रेडी मर्क्युरी झाला. तो, ब्रायन मे आणि रॉजर टेलर १९७० मध्ये एकत्र आले, पण १९७१ च्या फेब्रुवारीपर्यंत त्यांनी तीन बेसवादक पाहिले. चौथा जॉन डीकन: अबोल, इलेक्ट्रॉनिक्सचा विद्यार्थी. टाकाऊ सर्किटमधून त्यानं बनवलेला छोटा अॅम्प्लिफायर ब्रायन मेनं पुढे अनेक ध्वनिमुद्रणांत वापरला. क्वीनचा पहिला अल्बम आला १९७३ मध्ये. आधीच्या तिघांचं वादन त्यावर नाहीच, म्हणून हे चौघंच पहिल्यापासून होते असं बहुतेकांना वाटतं. संच ‘पहिला’ ठरतो तो बऱ्याचदा पहिल्या तालमीवरून नव्हे, पहिल्या रेकॉर्डवरून.

पर्पलचा मार्क टूही फार टिकला नाही. १९७३ मध्ये गिलन आणि ग्लोव्हर दोघंही गेले. हा संच १९८४ मध्ये पुन्हा एकत्र आला, पुन्हा फुटला. १९९५ च्या एप्रिलमध्ये अंधेरीच्या क्रीडा संकुलात मुंबईकरांनी जे डीप पर्पल ऐकलं त्यात गिलन, ग्लोव्हर, लॉर्ड, पेस होते. ब्लॅकमोरच्या जागी नुकताच आलेला स्टीव्ह मॉर्स होता. तो २०२२ पर्यंत राहिला, ब्लॅकमोरपेक्षा कितीतरी जास्त काळ. २०१६ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमनं डीप पर्पलच्या आठ जणांना मान दिला. त्या आठांत रॉड एव्हान्स आहे. निक सिंपर नाही, आणि तोवर बावीसेक वर्षं वाजवत असलेला मॉर्सही नाही.