लहान सुरय पक्ष्याची ओळख

उन्हाळ्यांत नदीकांठीं फिरावयास गेलें असतां एखादा शुभ्र, निमुळत्या पंखांचा पक्षी पाण्यावर पंख फडफडवीत अधांतरीं थांबलेला दिसतो, आणि क्षणार्धांत मासळीवर झेंप घालून पाण्यांत सूर मारतो. तोच सुरय. याच्या अनेक जाती आहेत; त्यांतील धाकट्या जातीविषयीं, म्हणजे लहान सुरयाविषयीं, येथें चार शब्द लिहावे असें आम्हीं योजिलें आहे.

याची लांबी २२ ते २४ सेंटिमीटर, म्हणजे साळुंकीएवढी. परंतु वजन तिच्या सुमारें निम्में. विणीच्या काळीं चोंच पिवळी व टोंकाशीं काळी असते, पाय नारिंगी-पिवळे. मुख्य खूण कपाळाची: डोक्यावर काळी टोपी असूनहि कपाळ पांढरें, आणि चोंचीपासून डोळ्यापर्यंत एक काळी रेघ. पालास या शास्त्रज्ञानें १७६४ सालीं ठेविलेल्या लॅटिन नांवाचा अर्थहि ‘पांढऱ्या कपाळाचा’ असाच आहे. नदी सुरय याहून पुष्कळच मोठा. विणीच्या काळीं त्याची टोपी थेट चोंचीला भिडते व चोंच सगळीच पिवळी असते.

समुद्रकिनारीं मात्र फसगत होते. तेथें साँडर्सचा सुरय म्हणून याचा जणुं जुळा भाऊ आढळतो. त्याचें पांढरें कपाळ डोळ्याच्या वर मागें जात नाहीं, एवढाच काय तो ठळक भेद. आणि वीण संपून दोघांच्याहि चोंची काळ्या पडल्या म्हणजे जाणत्यांचीहि मति कुंठित होते. अशा वेळीं वहींत ‘दोहोंपैकीं एक’ असें लिहून ठेवणें खोट्या खात्रीपेक्षां बरें, असें आम्हांस वाटतें.

हा पक्षी घरटें असें बांधीतच नाहीं. उघड्या वाळूंत उथळ खळगा करून त्यांत वाळूच्याच रंगाचीं, ठिपकेदार दोन-तीन अंडीं घालतो. ऊन फार झाल्यास आईबाप पोटाचीं पिसें पाण्यांत भिजवून येतात व अंडीं गार ठेवितात! उबवण्यास सुमारें तीन आठवडे, पिलें उडूं लागण्यास आणखी तितकेच. या सहा आठवड्यांतच सारा घात होतो. धरणाचें पाणी अवचित सुटतें, वाळूचा उपसा होतो, कुत्रीं फिरतात. आणि न दिसणारीं अंडीं माणसांच्या व गुरांच्या पायांखालीं फुटतात.

जागतिक यादींत लहान सुरय ‘किमान चिंतेच्या’ वर्गांत आहे, कारण तो युरोपापासून ऑस्ट्रेलियापर्यंत पसरलेला आहे. तथापि त्याची संख्या घटत आहे. नदी सुरय तर २०२० सालीं ‘असुरक्षित’ ठरला. इंग्लंडांत वीण होते त्या किनाऱ्यांवर कुंपणें घालून स्वयंसेवक पहारा देतात. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानें अंडीं उचलण्यास बंदी आहे; पण पायाखालीं येणाऱ्या अंड्यांस कायदा काय करणार?

म्हणून वाळवंटांत चालतांना सुरय डोक्यावर ओरडत घिरट्या घालूं लागले, तर तेथेंच थांबावें, पायांपुढील वाळू नीट न्याहाळावी, आणि आलेल्या पावलांवर पाऊल ठेवीत मागें फिरावें.