नेट गेलं तर दिवा लागेल का?

पवनी तालुक्यातल्या आसगावात ‘स्मार्ट इमारत’ म्हटलं, तर ते मुंबई-पुण्याच्या काचेच्या टॉवरचं काम वाटतं. पण घरून फोन लावून धानाच्या बांधीवरची मोटार सुरू करणारा मोबाईल स्टार्टर त्याच जातकुळीचा आहे. निरोप बिनतारी जातो, स्विच जागेवर पडतो. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांच्या ‘नॅनो गणेश’ या अशाच यंत्राला २००९ साली नोकियाच्या स्पर्धेत पारितोषिक मिळालं होतं.

अशा साधनांबद्दलचा सगळ्यात पक्का गैरसमज म्हणजे नेट गेलं की घर ठप्प. कंपनीच्या सर्व्हरमार्फत चालणाऱ्या वायफाय बल्बचं ॲप नेटविना खरंच अडतं. झिगबी या बिनतारी पद्धतीचं तसं नाही. तिथे दिवे आणि सेन्सर घरातल्याच छोट्या हबशी बोलतात, नेट लागत नाही. म्हणून विकत घेताना दुकानदाराला आधी विचारा, नेट बंद असताना हे चालेल का?

झिगबीत एक साधन दुसऱ्याचा निरोप पुढे पोचवतं. त्यामुळे शाळेच्या लांबलचक इमारतीत शेवटच्या खोलीपर्यंत तो जातो. मात्र हे काम विजेवर चालणारी साधनं करतात, बॅटरीवरचे सेन्सर करत नाहीत. ते बहुतेक वेळ झोपून बॅटरी वाचवतात. मधल्या खोलीतला स्मार्ट बल्ब कुणी भिंतीवरच्या बटणाने बंद केला, की ही साखळी तिथेच तुटू शकते. म्हणून बल्बपेक्षा बोर्डामागे बसणारं काडेपेटीएवढं मॉड्यूल बरं.

त्या मॉड्यूलला वायर लागतेच! ‘बिनतारी’ फक्त निरोप असतो, वीज नव्हे. बहुतेक मॉड्यूलना फेजबरोबर न्यूट्रलही हवी असते. प्लग असलेल्या बोर्डात ती सापडते, जिन्याच्या टू-वे स्विचमध्ये बहुधा नसते. वायरमनकडून बोर्ड उघडून पाहिल्याशिवाय सामान आणू नका.

रेडिओ लहरींची भीती बरेच जण बोलून दाखवतात. जुना जीएसएम फोन कमाल २ वॉटपर्यंत लहरी सोडतो. झिगबीचा सेन्सर साधारण काही मिलिवॉट, तेही क्षणभर.

मला खरी काळजी वेगळ्याच समजुतीची वाटते: आपोआप चालतं ते चांगलंच. मोटारीचा ऑटोस्विच काढा, असं महावितरण शेतकऱ्यांना वारंवार सांगतं. कारण ऑटोस्विचमुळे लाईन परत येताच परिसरातल्या सगळ्या मोटारी एकदम सुरू होतात. थेट सुरू होणारी मोटार पहिल्या झटक्याला नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते, आणि डीपी (ट्रान्सफॉर्मर) जळाली की रोवणीच्या दिवसांत सगळ्यांचंच पाणी थांबतं. मोठ्या इमारतीत पंप आणि एसी म्हणूनच थोड्या थोड्या अंतराने सुरू करतात. एका डीपीवरच्या शेतकऱ्यांनी हेच ठरवून करावं. टायमर असलेला स्टार्टर घ्यावा आणि एकाने दोन मिनिटं, दुसऱ्याने चार, तिसऱ्याने सहा लावावी.