मेंदूला 'म्हणे' कळतं का?

आमच्या मुळशीत धरणाचा विषय निघाला की माणसं सहज बोलून जातात, "आमचं गाव पाण्याखाली गेलं." टाटांच्या धरणाविरुद्धचा सत्याग्रह 1921 ते 1924 मधला. आज हे वाक्य बोलणाऱ्यांनी ते पाणी चढताना बघितलेलं असणं शक्यच नाही. पण ऐकताना वाटतं की हा माणूस तिथे उभा होता. मलाही ते दिसतं, खोटं कशाला बोलू. ओट्याला लागलेलं पाणी, दारातली तुळस. बघितलेलं काहीच नाही, सगळं ऐकलेलं. मराठीत या फरकासाठी एक छोटा शब्द आहे: 'म्हणे'. "तुळस बुडाली" आणि "तुळस बुडाली म्हणे" यांत बोलणारा स्वतः साक्षीदार आहे की नाही, हे कळतं.

हा 'म्हणे' मेंदूत सापडतो का? प्रश्न गमतीचा वाटेल, पण पुण्याच्या सत्र न्यायालयात जून 2008 मध्ये तो एका खटल्यात येऊन बसला होता. विषप्रयोगाने झालेल्या खुनाचा खटला. आरोपी तरुणी आणि तिचा नवरा, दोघांनाही जन्मठेप झाली. तिच्याविरुद्ध इतर पुरावेही होते, पण निकालपत्रात एका चाचणीच्या समर्थनार्थ बरीच पानं खर्ची पडली होती. त्या चाचणीचं नाव ब्रेन इलेक्ट्रिकल ऑसिलेशन सिग्नेचर, थोडक्यात बीईओएस. ती विकसित केली होती बंगळुरूच्या निम्हान्समध्ये क्लिनिकल सायकॉलॉजी विभागाचे प्रमुख राहिलेल्या चंपाडी रामन मुकुंदन यांनी.

चाचणी अशी होते. डोक्याला ईईजीचे इलेक्ट्रोड लावतात. माणूस डोळे मिटून बसतो. त्याला वाक्यं ऐकवतात, तीही प्रथमपुरुषी: मी अमुक विकत घेतलं, मी तमुकला भेटले. मधूनमधून साधी, गुन्ह्याशी संबंध नसलेली वाक्यं. त्याने उत्तर द्यायचं नसतं. नुसतं ऐकायचं. मग सॉफ्टवेअर सांगतं की अमुक वाक्याला मेंदूत 'अनुभवजन्य ज्ञान' जागं झालं, म्हणजे हे या व्यक्तीने केलेलं आहे, नुसतं ऐकलेलं नाही. थोडक्यात, या वाक्याला 'म्हणे' लागत नाही.

आता ईईजी काय मोजतं ते बघू. कवटीवरून मिळणारा विद्युत दाब काही मायक्रोव्होल्टचा असतो. हजारो-लाखो चेतापेशी एकाच तालात काम करतात तेव्हा त्यांची बेरीज वर पोचते. माणसाचा पहिला ईईजी हान्स बर्गरने 1924 मध्ये घेतला. (तरुणपणी तो एका अपघातातून वाचला आणि त्याच दिवशी दूर असलेल्या बहिणीला अस्वस्थ वाटून घरून तार आली. तेव्हापासून तो 'मानसिक ऊर्जे'च्या मागे होता. मनाचा पुरावा शोधायला निघालेल्या माणसाने मेंदूची वीज मोजून ठेवली.) ओळखीची किंवा महत्त्वाची गोष्ट समोर आली की साधारण 300 मिलिसेकंदांनी एक उंचवटा दिसतो, तो पी-300. हे पक्कं आहे, जगभरच्या प्रयोगशाळांत पुन्हा पुन्हा मिळालेलं आहे. पण पी-300 इतकंच सांगतो की हे मला ओळखीचं किंवा लक्षवेधी वाटलं. का वाटलं, ते सांगत नाही. बीईओएसचा दावा याच्या बराच पुढचा होता.

इथे पहिली अडचण येते, आणि संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी ती घोटवून घ्यावी. ताम्हिणीत पाऊस पडला की रस्ता ओला होतो. म्हणून रस्ता ओला दिसला की पाऊसच पडला, असं होत नाही. पुढे गळका टँकर गेला असेल. आठवताना मेंदूत 'क' घडतं, म्हणून 'क' दिसलं की माणूस आठवतोय, हे अनुमानही त्याच जातीचं. रसेल पोल्ड्रॅक यांनी 2006 मध्ये या उलट्या अनुमानावर, म्हणजे रिव्हर्स इन्फरन्सवर, सविस्तर लिहिलं. 'क' आणखी किती कारणांनी घडतं हे माहीत असल्याशिवाय निष्कर्ष काढता येत नाही. ज्याच्यावर आरोप आहे त्याने ती कहाणी पोलिसांकडून, वकिलांकडून, वर्तमानपत्रांतून ऐकलेली असते. रात्री झोप न येता शंभरदा डोळ्यांसमोर आणलेली असते. त्याच्या बाबतीत टँकर तर रोजच गळतो.

पण समजा ही अडचण सुटली. यंत्र इतकं चांगलं झालं की आठवणं आणि कल्पना करणं यांतला फरक ते अचूक सांगतं. तरी दुसरी अडचण राहते, आणि मला तीच जास्त खोल वाटते. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॅकलिन पिकरेल यांच्या 1995 च्या प्रयोगात 24 जणांना त्यांच्या लहानपणीचा एक खोटा प्रसंग सांगितला: तू मॉलमध्ये हरवला होतास. जवळपास चौथ्या हिश्शाला तो पूर्ण किंवा थोडाफार 'आठवू' लागला. ही माणसं खोटं बोलत नव्हती. त्यांच्यापुरता 'म्हणे' गळून पडला होता. पुढे 2010 मध्ये जेसी रिसमन, हेन्री ग्रीली आणि अँथनी वॅग्नर यांनी एफएमआरआय वापरून चेहरे ओळखण्याचा प्रयोग केला. 'हा चेहरा मी पाहिलाय' असं माणसाला वाटतंय का, हे मेंदूवरून चांगलं ओळखता आलं. पण त्याने तो खरोखर पाहिला होता का, हे फारसं ओळखता आलं नाही.

मन म्हणजे मेंदूच, असं मानणारे आणि मन वेगळं, असं मानणारे यांचं भांडण देकार्तपासून चालू आहे, आणि लोकांना वाटतं की असल्या चाचण्यांचा निकाल त्या भांडणावर अवलंबून आहे. मला तसं वाटत नाही. मी स्वतः जडवादी आहे. माझी प्रत्येक आठवण मेंदूतलीच आहे हे मला मान्य. पण आठवण खरी असणं हे मेंदूतलं नाही. ते बाहेर, त्या दिवशी, त्या ठिकाणी काय घडलं यावर ठरतं. नोटेवरची शाई कितीही बारकाईने तपासली तरी ती नोट कुणाच्या खिशातून आली ते शाईत लिहिलेलं नसतं. त्यामुळे "मेंदूला माहीत आहे" हे वाक्य मला खटकतं. माहीत माणसाला असतं, आणि ते 'माहीत' ठरवायला जगही लागतं.

त्याच 2008 मध्ये निम्हान्समधल्या तज्ज्ञांच्या समितीने मत दिलं की असल्या चाचण्यांना पुरेसा वैज्ञानिक आधार नाही, त्या तपासात वापरू नयेत. पुण्याच्या खटल्यातल्या तरुणीला पुढे उच्च न्यायालयातून जामीन मिळाला. 5 मे 2010 रोजी सेल्वी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूची चाचणी कुणावरही सक्तीने करता येणार नाही. स्वेच्छेने केली तरी तिचे निष्कर्ष थेट पुरावा म्हणून चालणार नाहीत. चाचणीतून मिळालेल्या माहितीवरून पुढे काही वस्तू सापडली, तर ती मात्र चालू शकते. म्हणजे न्यायालयाने दार बंद केलं, कडी लावली नाही. संमतीने होणाऱ्या चाचण्यांच्या बातम्या अजून येतात, आणि कोठडीतल्या माणसाची संमती किती मोकळी असते हा वेगळाच विषय.

तुमच्यापैकी कुणाला या विषयात पीएचडीचा प्रस्ताव लिहायचा असेल, तर माझ्या गाईडने मला विचारलेला प्रश्न तुम्हाला देते. कंट्रोल ग्रुप कोण? निर्दोष विद्यार्थी चालणार नाहीत, कारण त्यांना काहीच माहीत नसतं. लागतील अशी माणसं, ज्यांनी गुन्हा केलेला नाही, पण त्याचा बारीकसारीक तपशील ज्यांना पाठ आहे, ज्यांना महिनोन्‌महिने "तूच केलंस" म्हणून ऐकवलं गेलंय आणि ज्यांची जन्मठेप त्यावर अवलंबून आहे. मी वहीत तीन रचना मांडल्या. एकही एथिक्स कमिटीपुढे ठेवण्यासारखी नव्हती.